वीरभद्रप्पांची नाडी

रझाकारांच्या धामधुमीआधीची गोष्ट. राजेश्वर गावच्या म्हाताऱ्या वीरभद्रप्पांचं काळीज मधेच ठोका चुकवू लागलं, तेव्हा बिदरच्या डॉक्टरांनी थेंबांचं औषध दिलं. लेक हेमावती ते रोज पाण्यातून द्यायची आणि मनगट धरून नाडी बघायची.

काही दिवसांनी अप्पांना ओकाऱ्या सुरू झाल्या. दूध पिवळं दिसू लागलं, भिंतीही पिवळ्या.

"सगळं पिवळं दिसायलंय," अप्पा म्हणाले. "दारात तुझी अव्वा हुबी हाय. तिचं लुगडं तेवढं हिरवं हाय."

अव्वा, हेमावतीची आई, जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

औषध अंगावर उलटलं, असं म्हणून डॉक्टरांनी थेंब बंद केले. पिवळेपणा गेला, तशी अव्वाही दिसेनाशी झाली. अप्पा मात्र झुरू लागले.

"एक थेंब दे गं, हेमा. तुझ्या अव्वाची माय मरायली व्हती, तरी मी तिला माहेरी चिंताकीला धाडलो न्हाई. तिची माफी मागायची ऱ्हायली."

"न्हाई अप्पा. जिवावर बेतंल."

त्या दुपारी अप्पा डोळे मिटून पडले होते. हेमावती शेजारी बसली आणि दाराकडे बघत तिनं हात लांबवून मनगट धरलं. नाडी एकदाही चुकत नव्हती. इतक्या दिवसांनी तिला हायसं वाटलं.

तेवढ्यात अप्पांचा आवाज आला, "आलीस व्हय? चुकलं गं माझं."

हेमावतीनं वळून बघितलं. अप्पांनी दोन्ही हात छातीशी जोडले होते.

तिच्या मुठीतलं मनगट थंडगार होतं, आणि त्यातली नाडी एकसारखी चालली होती.