मावेल का?

कल्याणच्या नव्या इमारतीत बाबा फ्लॅट बघायला आत गेले आणि मृणाल जिन्यातच लॅपटॉप उघडून बसली. लिनक्स या संगणकप्रणालीच्या कर्नेलसाठी, म्हणजे तिच्या गाभ्यासाठी, कुणीतरी कोडचा एक छोटासा तुकडा, एक फंक्शन सुचवलेलं, ते तिला आजच तपासून द्यायचं होतं. नेटवर्कवरून जाणारं माहितीचं पॅकेट पुढच्या वाटेत मावेल का, एवढंच ते पाठवण्याआधी हे फंक्शन सांगणार. तीनदा वाचलं तरी हे हवंय कशाला, ते काही तिच्या डोक्यात शिरेना. पॅकेट मोठं असलं तर ते अडकतंच, आणि तशी खबरही मागे येते. शेवटी वैतागून तिने शेरा लिहिला, "आधी विचारायची गरज काय? नाही मावलं तर कळेलच की."

मान वर केली तर बाबा फ्लॅट सोडून लिफ्टमध्ये उभे. खिशातून मेजरटेप काढून या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तिरकं माप घ्यायची त्यांची खटपट चाललेली.

"बाबा, लिफ्ट काय मोजताय? पलंग सुटा करून नेता येतो."

"पलंगाचं नाही गं."

"मग कशाचं?"

बाबांनी टेपवरची नजर काढली नाही. "कळव्याच्या घरी तुझ्या आईला आपण चार मजले खुर्चीत बसवून उतरवलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही, हे त्या दिवशी कळलं आपल्याला."

मृणालने शेरा पुसून टाकला आणि टेपचं दुसरं टोक धरायला उठली.