ढोल ओळखा

भामरागडच्या पलीकडचं आमचं गाव सोडून नोकरीसाठी बाहेर पडलेले आम्ही सगळे गोंड एका व्हॉट्सॲप ग्रुपवर आहोत. ॲडमिन धनराज अहेरीला ऑफिसात असतो. रोज सकाळी तो धर्मावर लिहितो. काल लिहिलं, ‘आपल्या धर्माले पोथी नाई, आपला ढोल जल्मापासून मरणापर्यंत सारं सांगते. त्याले इसरू नका.’ आम्ही पटापट हात जोडलेले इमोजी टाकले.

संध्याकाळी सातला ग्रुपवर खेळ असतो. एकाने नुसतं म्युझिक टाकायचं, बाकीच्यांनी पिक्चर ओळखायचा. काल खेळ रंगात असताना धनराजच्या धाकट्या भावाने, ग्रुपवरच्या गावात राहणाऱ्या एकट्या बिरजूने, गावाहून एक ऑडिओ टाकला. त्यात एक शब्द नव्हता. फक्त ढोल, संथ, मध्येच थांबून पुन्हा सुरू होणारा.

‘साउथचा आहे, हिरोची एन्ट्री,’ निशाने लिहिलं. अंकुशला तो लग्नाचा सीन वाटला. मीही एक नाव ठोकून दिलं. बावीस उत्तरं आली, पण बिरजू एकालाही हो म्हणेना.

शेवटी धनराजनेच लिहिलं, ‘हारलो रे आम्ही. लय भारी टाकला. आता पिक्चरचं नाव सांग.’

बिरजूने उत्तर टाकलं.



‘मयतीचा ढोल आहे, दादा. बाबा गेले. मले वाटलं, ऐकताबरोबर निघाला असशील.’