लांब अंगठ्याचा हातमोजा

बेरिल गुडघे टेकून बसली होती, पण प्रार्थनेसाठी नव्हे. ती बाकाखाली हातमोजा शोधत होती. लिंकनच्या कॅथीड्रलमधल्या काळ्या झग्यातल्या म्हाताऱ्या सेवकाला वाटलं, बाईंवर काहीतरी दुःख कोसळलंय. तो पावलं न वाजवता लांब झाला. त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

उजवा हातमोजा कोटाच्या खिशात होता, डावा नव्हता. तिनं तोच खिसा सहाव्यांदा उलटा केला.

सकाळी त्यांच्या वर्कसॉप गावच्या फलाटावर तिच्या लेकीनं, लिंडसेनं, सगळं मोजून दिलं होतं. शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरीला द्यावं तसं. पाकीट, किल्ल्या, फोन, चष्मा, टोपी, दोन हातमोजे. गेल्या महिन्यात बेरिलनं दोनदा गॅस चालू ठेवला होता. लिंडसेनं वृद्धाश्रमात खोली बघून ठेवली होती, आणि शुक्रवारपर्यंत होय-नाही कळवायचं होतं.

"एक दिवस मला एकटीला लिंकनला जाऊ दे," बेरिल म्हणाली होती. "तुझे बाबा होते तेव्हा दर डिसेंबरात जायचो. डोळे मिटून फिरेन मी तिथं."

"जा. संध्याकाळच्या गाडीनं परत ये, आणि नेलेलं सगळं घेऊन ये. मग मी त्या खोलीचं नाव काढणार नाही."

आणि हरवावा तर नेमका हाच हरवावा! हातमोजे लिंडसेनं अकरा वर्षांची असताना विणले होते. डाव्याचा अंगठा चांगला पेरभर लांब झाला होता. त्या अंगठ्यावरून मायलेकी इतकी वर्षं हसत आल्या होत्या. बेरिलनं ते रफू करकरून वापरले, नवे घेतले नाहीत. पाकीट हरवलं असतं तरी काहीतरी सारवासारव करता आली असती.

ती चौकातल्या चहाच्या दुकानात परत गेली. दुपारी बसली होती त्या टेबलाखाली वाकून वाकून पाहिलं.

"अहो, काय शोधताय? आधी बसा बघू, ओठ निळे पडलेत तुमचे," मालकीण म्हणाली. "चहा टाकते."

"काही नाही, काही नाही. मी अगदी ठीक आहे," बेरिल म्हणाली आणि बाहेर पडून भिंतीला टेकली. तिला रडू फुटलं. चार भिंती, स्वतःची किटली, खिडकीतलं जिरेनियमचं रोप, सगळं एका लोकरीच्या तुकड्यापायी जाणार होतं. गाडीला पाऊण तास होता आणि उन्हं कलली होती.

खाली स्टेशनाकडे जाणारा उतार इतका उभा, की त्याचं नावच स्टीप हिल. लोखंडी दांडा धरून ती एकेक पाऊल उतरू लागली. एका घराच्या कुंपणाच्या टोकावर कुणीतरी लहान पोराचा निळा हातमोजा अडकवून ठेवला होता. ते पाहून तिच्या जिवात जीव आला. तिच्या इंग्लंडातल्या लोकांची रीतच ती. रस्त्यात पडलेला हातमोजा कुणी तुडवत नाही, कुणी खिशात घालत नाही. उचलतात, जवळच्या कुंपणावर अडकवतात, की ज्याचा त्याला मिळावा. तिनं स्वतः आयुष्यभर असे किती अडकवले होते. मग तिचाच कुणी का अडकवणार नाही?

ती एकेक कुंपण पाहत निघाली. आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानाशेजारी, काळ्या गजाच्या टोकावर, तो होता! लांब अंगठा वाऱ्यावर डुलत होता. तिनं तो गालाला लावला, त्याचा मुका घेतला. जिंकली होती ती.

तशीच निघाली असती तर गाडीला आरामात पोचली असती. पण आभार न मानता जाणं तिला जमलंच नसतं. ती दुकानात शिरली.

"हा हातमोजा कुणी अडकवला हो? मला थँक्यू म्हणायचंय."

दुकानदार चष्म्यावरून हसला. "पुन्हा माझी गंमत करताय ना?"

"नाही हो."

"अहो, तुम्हीच की! सकाळी दम खायला इथं थांबलात. रुमाल काढलात, त्याबरोबर हा पडला. चार पावलं गेलात, वळलात, उचललात आणि लावलात कुंपणाला. वर मलाच म्हणालात, 'कुणा वेंधळीचा आहे हो हा? आणि अंगठा पाहिलात का? विणणारीला मापाचा अंदाजच नाही!' मी पोट धरून हसलो."

बेरिलनं पुस्तकांच्या मांडणीचा आधार घेतला. सकाळचं तिला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. रुमाल नाही, कुंपण नाही, हा माणूससुद्धा नाही.

"गंमतच केली," ती म्हणाली. "मी अगदी ठीक आहे."

गाडी तिला कशीबशी मिळाली. सबंध वाटभर ती दोन्ही हातमोजे मांडीवर घेऊन त्या अंगठ्याकडे बघत बसली. दुकानदार तिला ओळखत नव्हता, लिंडसेला तर मुळीच नाही. तिनं तोंड उघडलं नाही तर कुणालाही कळणार नव्हतं.

वर्कसॉपच्या फलाटावर लिंडसे कुडकुडत उभी होती. तिनं दिव्याखाली मोजलं. पाकीट, किल्ल्या, फोन, चष्मा, टोपी. मग दोन हातमोजे. तिचे डोळे भरून आले.

"हरले बाई मी! सगळं आहे, आई."

बेरिलनं लांब अंगठ्याचा हातमोजा तिच्या हातात ठेवला आणि तिची मूठ मिटली.

"सगळं नाही गं," ती म्हणाली. "त्या खोलीला हो म्हणून कळव."