क्रूसावर चढवा!

नवऱ्यानं सोडलं, तरी रोजविथानं जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या चर्चचा गायकवृंद काही सोडला नाही. दर गुड फ्रायडेला येशूच्या मरणाचं ते तीनशे वर्षं जुनं संगीत व्हायचं. त्यात येशूचं गाणं तिचा तोच नवरा, एकेहार्ट, गायचा. येशूचा जीव मागणाऱ्या जमावाचा कोरस आला, की रोजविथा बेंबीच्या देठापासून ओरडायची, "क्रूसावर चढवा त्याला!"

"अगं बाई, जरा दमानं!" शेजारची आनेग्रेट कुजबुजायची. "खरंच चढवशील त्याला."

"मग? त्यासाठीच तर येते मी."

यंदा ऑर्केस्ट्रा कडाडला आणि तिच्याही वरताण एक आरोळी गायकवृंदाच्या पुढच्या रांगेतून उठली. रोजविथानं मान उंचावून पाहिलं.



रडून सुजलेले डोळे एकेहार्टवर रोखून त्याची दुसरी बायको गात होती.