एकतिसावा तुकडा

पहिला तुकडा कीर्तीने प्रयोगशाळेतून माझगावच्या घरी आणला, तेव्हा तिच्या आईने, काशीबाईने, त्यावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. नवं टोपलं असो की नवा कोयता, कोळणीच्या घरात नव्या वस्तूला आधी कुंकू.

"आई, साधं प्लास्टिक आहे गं!"

"असू दे गो. तू केलंयस ना?"

मासळीचं पाणी आणि वास आईच्या टपाला धरून राहू नये, म्हणून कीर्ती प्लास्टिकवर केसाहूनही हजारपट बारीक खाचा पाडत होती. पाण्याचा थेंब टेकताच घरंगळला पाहिजे. तीस तुकडे फसले. तीसही तुकड्यांवर आईचं लाल बोट वाळून घट्ट बसलं.

एकतिसाव्यावर मात्र कुंकवाची गोळी झाली आणि टपकन लादीवर पडली.

"अगो, हा तर माझं कुंकूच घेत नाय!"

"जमलं, आई! हेच तर हवं होतं!"

कीर्ती घरभर नाचली. त्याच दुपारी फसलेले तीसही तुकडे तिने भंगारवाल्याला देऊन टाकले.

महिन्याभरात काशीबाई गेली.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले, तेव्हा आईचं बोट कुठे उमटलेलं सापडतंय का, म्हणून कीर्तीने सगळं घर पालथं घातलं.



कपाटात एकतिसावा तुकडा होता. कोराकरकरीत.