वकिलांचं प्रगतिपुस्तक

तक्त्यात सगळ्यांत वर नाव आलं ते कुंदन बोरसेचं. टायपिस्ट नीलाने कागद मशीनमधून ओढून काढला आणि खुशीतच म्हणाली, "सर, बोरसे वकील पहिले! अहमदाबादचे ते मोठे वकील चौथे आलेत."

प्रकाश चांदोरकरांनी कागद घेतला आणि उगाच चष्मा पुसत बसले. इच्छापोरच्या या सूत कारखान्यात ते सतरा वर्षं कायदा अधिकारी होते. इतकी वर्षं बाहेरचा वकील कोण नेमायचा आणि कोणाला बदलायचं हे त्यांच्या शब्दावर ठरे. पण धाकटे शेठ हेमलभाई अमेरिकेत शिकून आले आणि आल्या आल्या त्यांनी फर्मावलं, सातही वकिलांचं प्रगतिपुस्तक करा. कोण किती दिवसांत उत्तर देतो, किती तारखा मागून घेतो, किती दावे जिंकतो. पहिले तीन ठेवायचे, बाकीच्यांना रामराम.

कुंदनला त्याचा पहिला दावा चांदोरकरांनीच दिला होता. डिंडोलीच्या माग कामगाराचा मुलगा, कोट कोणाचा तरी मागून आणलेला. त्याला समोर खुर्ची दिली याचं त्या दिवशी चांदोरकरांना स्वतःचंच कौतुक वाटलं होतं. आता कोर्टाच्या व्हरांड्यात लोक कुंदनला वाट करून देत आणि मागून चांदोरकर फाइल घेऊन चालत. मुद्दे बरेचदा चांदोरकरांनीच लिहून दिलेले असत. पण कुंदन उभा राहून ते मांडू लागला की न्यायाधीश हातातलं पेन खाली ठेवून ऐकत, आणि चांदोरकरांना ते मुद्दे आपले वाटेनासे होत.

"यंत्राचा दावा धरलाय का यात?" त्यांनी विचारलं.

"नाही सर. तो हरलो, पण त्यात वकिलांची चूक..." नीला अडखळली. "तपासणीचा अहवाल आपल्याकडूनच उशिरा गेला होता ना."

"तक्त्यात कारणाचा रकाना आहे?"

"नाही."

"मग धरा."

नीलाने नवा कागद चढवला.

अहवाल चुकून उशिरा गेला नव्हता. विकत घेतलेलं यंत्र मुळातच सदोष होतं हे सांगणारा तो एकमेव कागद तीन आठवडे चांदोरकरांच्या खणात होता. खण उघडला की वरच दिसे. उद्या पाठवू, असं म्हणून ते खण लावून घेत. हाही दावा कुंदननेच जिंकला तर, एवढंच मनात येई, आणि त्यापुढे ते स्वतःला काही विचारत नसत. मुदत टळल्यावर त्यांनी अहवाल पाठवला. कोर्टाने तो घेतला नाही.

दावा मोठा होता आणि तक्त्यात हरलेल्या दाव्याचे गुण रकमेप्रमाणे कापले जात. नव्या तक्त्यात कुंदन चौथा आला.

हेमलभाईंना नवल वाटलं. त्यांनी दुसऱ्याच दिवशी कुंदनला बोलावून घेतलं. चांदोरकर शेजारच्या खुर्चीत बसले होते. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"बोरसेभाई, आ केसमां शुं थयुं?" हेमलभाईंनी विचारलं. "अहवाल वेळेवर दाखल का झाला नाही?"

कुंदनने फाइल उघडली. वरच अहवालासोबत आलेलं चांदोरकरांचं पत्र होतं, त्यांच्या सहीचं, तारखेसकट. चांदोरकरांना ते उलटं असूनही वाचता आलं. कुंदनने पत्र पाहिलं, मग चांदोरकरांकडे पाहिलं आणि फाइल मिटली.

"माझ्याकडून राहिलं, शेठ."

"कागद तुम्हाला वेळेत मिळाला होता?"

"मिळाला होता."

हेमलभाईंनी तक्ता पुढे ओढला. "सरळ बोललात, आवडलं मला. पण नियम सगळ्यांना सारखा," असं म्हणून त्यांनी चौथ्या नावावर रेघ मारली.

जिन्यात चांदोरकरांनी कुंदनला गाठलं. "खोटं का बोललास?" आवाज त्यांना हवा होता त्याहून बराच चढला. "उपकार फेडलेस का माझे?"

"नाही साहेब, तसं काही नाही." कुंदन खरोखरच विचार करत असल्यासारखा थांबला. "माझ्याकडे वीस-बावीस पक्षकार आहेत, त्यातला एक गेला. तुम्हाला नोकरी ही एकच."

पुढची तारीख सांगावी इतक्या साधेपणाने तो हे बोलला. त्याने शिवी दिली असती तर चांदोरकर घरी जाऊन निवांत जेवले असते.

"वहिनींना नमस्कार सांगा," असं म्हणून कुंदन पायऱ्या उतरून गेला.

चांदोरकर जिन्याच्या खिडकीशी उभे राहिले. खाली कुंदनने स्कूटर सुरू केली, पण फाटकाशी वॉचमन मारुती लगबगीने उठून पुढे आला आणि गावाकडच्या बोलीत म्हणाला, "काय वकीलसाहेब, बरं शे का?"

"बरं शे, मारुतीबाबा," म्हणत कुंदनने स्कूटर बंद केली आणि उतरून त्याच्या बाकावर बसला.

हा माणूस कधी एकदा जातो म्हणून चांदोरकर वाट पाहत राहिले. खाली ते दोघं कशाला तरी मोठमोठ्याने हसत होते. मारुतीला इतकं हसता येतं हे चांदोरकरांना सतरा वर्षांत ठाऊक नव्हतं.