गणिताचे अकरा

सुहासिनीने पेपर पुन्हा उलटसुलट करून पाहिला. पुरवणी कुठे गळून पडली नव्हती. लाइबाने खरोखरच दोन पानांच्या पुढे काही लिहिलं नव्हतं.

ऐंशीपैकी अकरा. वर्गातल्या चाचण्या, वह्या आणि तोंडी मिळून वीसपैकी एकोणीस. बेरीज तीस. नववीतून दहावीत जायला तेहतीस लागत होते.

स्टाफरूमच्या खिडक्यांच्या काचांवर चिकटपट्ट्यांच्या फुल्या होत्या. जानेवारीत आखाती युद्ध सुरू झालं आणि शाळा बंद पडली. रियाधवर रात्री क्षेपणास्त्रं यायला लागली, तशी अनेक कुटुंबं मुलांना भारतात पाठवायच्या तयारीला लागली. मुलांच्या हातात निकाल असावा, गावच्या शाळेत प्रवेश मिळावा, म्हणून शाळेने भर फेब्रुवारीत दिवसाउजेडी घाईघाईने वार्षिक परीक्षा उरकली होती.

सुहासिनी पेपर घेऊन मुख्याध्यापिकांकडे गेली. सुरैया मॅडम हैदराबादच्या होत्या आणि नियमाला पक्क्या.

"तीनच मार्क कमी पडतायत, मॅडम."

"प्रश्न तीनचा नाही. लेखीत निदान वीस हवेत. बच्ची का पेपर ही खाली है, सुहासिनी. मी काय करू? एप्रिलमध्ये फेरपरीक्षा देईल."

"तिचे वडील निकालासाठी अडलेत. पास झाली की तिला रत्नागिरीला तिच्या चाचांकडे पाठवणार आहेत. नापास झाली तर एप्रिलपर्यंत इथेच राहील ती. या सगळ्यात."

सुरैया मॅडमनी पेपर बाजूला सरकवला. सुहासिनीने खुर्ची पुढे ओढली.

"एका मुलीसाठी नियम वाकवा असं मी म्हणत नाही. पण मुलं सायरनमुळे रात्र रात्र जागून पेपरला आली. पोर्शनही पुरता झाला नव्हता. मग त्या तीन तासांना ऐंशी मार्कांचं वजन का द्यायचं? वर्षभर वर्गात जे केलं ते पन्नास धरा, लेखीचे पन्नास. सगळ्यांना सारखंच. आणि यंदापुरती लेखीची वेगळी अट काढून टाका."

"पालक भांडायला आले तर?"

"कोण येईल? कुणाचं नुकसान होत असेल तर जुन्या पद्धतीचे मार्क ठेवू."

मॅडमनी दोन दिवस घेतले. बाकीच्या शिक्षिकांना विचारलं. काहींनी नाकं मुरडली. सुहासिनी प्रत्येकीशी बोलली, एकीशी तर चांगलंच वाजलं. शेवटी मॅडमनी होकार दिला. नव्या हिशेबात लाइबाचे वर्गातले साडेसत्तेचाळीस झाले, लेखीचे जेमतेम सात. चोपन्न. ती सुटली.

शाळा बंद असल्याने निकाल घरी पोहोचवायचे होते. लाइबाचा निकाल सुहासिनीने स्वतःकडे घेतला. दुपारी तिचे यजमान दत्तात्रय हॉस्पिटलातल्या कामावरून आले, तसं तिने त्यांना गाडी अल सुलै वस्तीकडे घ्यायला लावली. गोदामांच्या मागच्या गल्लीत लाइबाच्या वडिलांचं, मोहियुद्दीनचं घर होतं. कोपऱ्यावरच्या इमारतीची एक भिंत नुकतीच कोसळलेली दिसत होती. दत्तात्रय गाडीतच थांबले.

मोहियुद्दीन गोदामात रात्रपाळीला असे, त्यामुळे दुपारचा घरी सापडला. निकाल त्याने दोनदा वाचला.

"पास झाली?" त्याने लाइबाला बाहेर बोलावलं. "मिस, माझ्या उरावरचा धोंडा उतरला बघा. कामावर असलो तरी जीव हिच्यात असतो. परवा एक गाडी जेद्दाला जातेय. तिथून विमान मिळतंय. गल्लीतलं आणखी एक कुटुंब सोबतीला आहे."

"आणि तुम्ही दोघं?"

"मला माझा मालक, कफील, सोडत नाही. आणि हिची अम्मी म्हणते, तुम्हाला टाकून मी जायची नाही."

नूरुन्निसा चहा घेऊन आली. हसतमुख, अंगाने बारीक. सुहासिनीने कप उचलला.

"लेक निघाली. घर खायला उठेल ना आता?"

"साखर बरोबर पडलीय ना?" नूरुन्निसा हसून म्हणाली आणि बिस्किटांची बशी पुढे सरकवली.

आईला हा विषय नको असणार, सुहासिनीच्या मनात आलं. तिने पुन्हा विचारलं नाही.

लाइबा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. वडिलांनी निकाल पुढे केला, तो तिने हातातही घेतला नाही. पोरीला आनंदाची बातमी पेलली नसेल, असं समजून सुहासिनी उठली. लाइबा तिला पोचवायला जिन्याने खाली आली.

"पेपरच्या दिवशी फार घाबरली होतीस का गं?" सुहासिनीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आता ते विसरून जा. तिकडे गेल्यावर मन लावून दहावी कर."

"घाबरले नव्हते, मिस. गणितं येत होती मला."

"मग सोडवली का नाहीस?"

"मुद्दाम."

सुहासिनी पायरीवरच थांबली.

"मला नापास व्हायचं होतं," लाइबा म्हणाली. "अब्बांना सांगू नका. अम्मीने कसम घातलीय. त्यांना कळलं तर ते तिला माझ्याबरोबर पाठवून देतील, म्हणून ती त्यांच्यासमोर हसत राहते."

"काय कळलं तर?"

लाइबाने एकदा वर, जिन्याकडे पाहिलं.

"कोपऱ्यावर मिसाइल पडलं ना, तेव्हापासून अम्मीला काहीच ऐकू येत नाही. रात्री सायरन झाला की तिला मी उठवते."